अंगठ्याची बीजप्रक्रिया

ती. सिद्धाराम अण्णा यांस,

बीडच्या दवाखान्यातल्या खाटेवरून धाकट्या चुलतभावाचा, भीमाशंकरचा, पडूनच शरणार्थ. उमापुरात तुम्ही, वहिनी आणि तुमचं खत-बियाण्याचं दुकान तिघेही खुशाल असाल. वहिनींच्या गुडघ्यांची चौकशी मुद्दाम करत नाही, कारण सध्या पायांचा विषय निघाला की तुमची भावजय उमा डोळ्याला पदर लावते. फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हा कागद.

तर माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याची हकीकत. बेचक्यात पांढरं धरलं होतं, खाज होती. तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही (चष्मा न लावता) निकाल दिलात, "बुरशी हाय बे. सोयाबीनची काय अन् बोटाची काय, बुरशी म्हंजे बुरशी. लाव बिनघोर!" आणि पेरणीआधी बियाण्याला चोळायची पावडर हातावर ठेवलीत. मीही मन लावून अंगठ्याची बीजप्रक्रिया केली. साखरेच्या रोग्याला पायाला विंचू डसला तरी कळत नाही, तिथे हे काय दुखणार? दुखत नाही म्हणजे गुण येतोय, असं मी मांजरसुंब्याच्या फाट्यावर सगळ्यांना (ढाब्यावर थांबणाऱ्या परक्या ड्रायव्हरांनासुद्धा) सांगत सुटलो. मग आमच्या किराणा दुकानात वास सुटला. उमाला वाटलं उंदीर मेलाय. तिने तुरीची पोती हलवली, गुळाच्या ढेपा हलवल्या, उंदीर काही सापडला नाही. मग तिने माझा मोजा ओढला.

आमची अपेक्षा सूक्ष्मजीवशास्त्र शिकते हे तुम्हाला ठाऊक आहेच ("जंतूंचं शिकून पोरीला कोण करून घेणार?" हे तुमचेच शब्द). तिने मला खाटेवर शिकवणी दिली. पूर्वी म्हणे सगळ्या जिवांच्या दोनच सृष्टी होत्या, वनस्पती आणि प्राणी, आणि जीवाणू बिचारे झाडाझुडपांच्या पंगतीला बसवलेले. मग वाटण्या सुरू झाल्या. ज्यांच्या पेशीत धड केंद्रकसुद्धा नाही ते जीवाणू मोनेरा सृष्टीत गेले, केंद्रक असलेले अमिबासारखे एकांडे प्रोटिस्टात, आणि बुरशीने आपला सवतासुभा मांडला. आता मोनेराचीही पुन्हा फाळणी झालीय म्हणतात. (आपली भावकी परवडली, निदान विहीर तरी सामाईक ठेवली.) मी विचारलं, मग माझ्या पायातले पाव्हणे कुठले? ती म्हणाली, "बाबा, ते जीवाणू हायेत. बुरशीचं औषध त्यांना लागतच न्हाई. त्यांची सृष्टीच निराळी."

उमा म्हणाली, "त्यांची सृष्टी निराळी आसंल, पाय तर आपलाच हाय ना?"

अंगठा गेल्या आठवड्यात गेला. काळेपणा थांबला नाही. शुक्रवारी गुडघ्याखालून पाय काढायचाय. उशीर केला तर जिवाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ज्याला स्वतःचं केंद्रक नाही, त्याने माझ्यासारखा धडधाकट गडी आडवा करावा! अण्णा, इथे सगळ्यांशी हसून बोलतो, पण मला लई भीती वाटते.

वहिनींना शरणार्थ, पोरांना आशीर्वाद, आणि ज्यांना अजून दोन्ही पाय आहेत त्यांनी ते रोज निरखून बघावेत.

तुमचा,
भीमाशंकर

ता. क. डॉक्टरांना तुमचं नाव सांगितलं नाही. "पावडर एका जाणकाराने दिली" एवढंच म्हणालो. उमाला मात्र माहीत आहे, तेव्हा भेटायला याल तर घरून जेवून या.

आणखी एक ता. क. खरं काम हे. काढलेला पाय दवाखान्यात जाळतात म्हणे. मी म्हणालो, आमच्यात जाळत नाहीत, आम्हाला द्या. आपल्यात माणसाला मांडी घालून बसवूनच माती देतात. एका पायावर मांडी कशी घालायची, ते मठातल्या स्वामींना विचारून ठेवा. पाय अपेक्षाबरोबर तुमच्याकडे पाठवतो. मळ्यात दादांच्या समाधीशेजारी त्याला माती द्या. उजव्या अंगाला ठेवा, आणि डावीकडे जागा सोडा. बाकीचा मी मागून येतोच आहे.