बारावी खोळ

३ एप्रिल, सोमवार
पोचलो एकदाचे! चर्चच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, भरपूर उजेड, आणि खिडकीखाली माझ्या शिलाई मशीनसाठीच बेतल्यासारखी जागा. ऑर्गन वाजवायची नोकरी ह्यांना मिळाली, पण आल्या दिवशीच कामाला जुंपली गेले ती मी. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मावशी एक पेटी घेऊन आल्या. पवित्र सप्ताहात इथले सगळे पुतळे जांभळ्या खोळींनी झाकतात आणि शनिवारी, पुनरुत्थानाच्या जागरणाला, उघडतात. अकरा खोळी पेटीत आहेत, बारावी नवी शिवायची, म्हणाल्या. मापाची चिठ्ठीही दिली.
हे मला चिडवत होते, की सगळ्या जगाची मापं घेतेस, तुझं कोण घेतं? खरंच, आजवर कोणी घेतलं नाही. स्वतःचं मी आपली अंदाजाने बेतते. टीप मात्र माझी अशी, की कापड फाटेल पण शिवण उसवायची नाही.
कपाटाच्या खणात कोणाचा तरी चष्मा सापडला. आधीचा वादक विसरला असेल.

६ एप्रिल, गुरुवार
जुन्या खोळी चढवल्या. भिंतींत कोनाडे बारा, लाकडी पुतळे अकरा. बारावा रंगवायला गेला असेल. कारागिराचा हात मात्र मानला. एका संताच्या नाकावर चष्म्याचे वण, एका संतिणीच्या बाहीवर चक्क रफू! चष्मा लावणारा संत कोणता हो, असं मावशींना विचारलं, तर त्यांनी माझा दंड करकचून धरला आणि गुमान काम करायला सांगितलं. बाई आहे की खाष्ट सासू!
इथली माणसंही तशीच. पावाच्या दुकानात मी शिरले की बोलणं बंद. ह्यांच्याकडे सगळे बघतात, पण चेहऱ्याकडे नाही. पायांकडे.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
रविवारच्या मिस्सेत येशूच्या दुःखसहनाचं वाचन झालं. जमावाची वाक्यं लोकांनी म्हणायची असतात, लहानपणापासून मीही म्हणत आलेय. पण इथे ‘त्याला क्रूसावर खिळा’ म्हणायची वेळ आली, तेव्हा सगळे वेदीकडे पाठ करून उभे राहिले. वर, ऑर्गनपाशी, ह्यांच्याकडे तोंड करून ओरडले. एक पणजीच्या वयाची बाईसुद्धा.
शांतीची खूण म्हणून मी हात पुढे केला. शेजारणीने तिचे दोन्ही हात खिशात घातले. मला रडू आलं.

११ एप्रिल, मंगळवार
बारावी खोळ बेतायला घेतली आणि हात थांबला. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता. उंची, छाती, मानेचा घेर. वीस वर्षं मी ह्यांचे सदरे शिवतेय, हे माप मला तोंडपाठ आहे. चिठ्ठीची शाई तर पिवळी पडलेली, आम्ही येण्याच्या कितीतरी आधीची.
फादरना विचारलं. पुतळा एका अंगाने झिजलाय, म्हणाले, आणि पुस्तक चाळत राहिले. आपण निघून जाऊ, असं ह्यांना विनवलं. हे हसले. जागरणाच्या मिस्सेला असा ऑर्गन वाजवायचं ह्यांचं जन्माचं स्वप्न, ते सोडून कसे येतील?
शिवली. वेडीवाकडी शिवायला हातच वळेना.

१३ एप्रिल, पवित्र गुरुवार
फादरनी बारा जणांचे पाय धुतले. बारावी खुर्ची ह्यांची. ह्यांच्या पावलावर पाणी ठरेना, रोगण लावलेल्या फळीवरून ओघळावं तसं ओघळलं. फादरनी पाऊल पुसलंसुद्धा नाही.
आता शनिवारपर्यंत घंटा वाजणार नाही. घंटेऐवजी मावशी लाकडी टाळ्या आपटत फिरताहेत.
हे म्हणाले, बोटं जड झाली.

१४ एप्रिल, शुभ शुक्रवार
लोकांनी क्रूसाचं चुंबन घेतलं. मग रांग वळली. एकेकाने ह्यांच्या बुटाचं चुंबन घेतलं. मी ढकललं, ओरडले — कोणी वर पाहिलं नाही.
ह्यांना गुडघे वाकवता येत नाहीत. त्वचेखाली रेघा दिसताहेत, लाकडाच्या असतात तशा. खणातला तो चष्मा, त्या संताच्या नाकावरचे वण. आता कळलं. ते अकराही जण असेच आले होते.
खोळ जाळून उपयोग नाही, दुसरी शिवून घेतील. माप तर ह्यांचंच. पण ह्यांच्या अंगात शिरणारच नाही अशी झाली तर? वीतभर आखूड केली, खांदे आत घेतले. दुहेरी टीप मारली.
देवा, एवढं ऐक. माझा माणूस मला राहू दे.

१५ एप्रिल, शनिवार, सकाळ
हे उठले! वाकले, बूट घातले, माझी वेणी ओढली. मी हसत होते की रडत होते, कोण जाणे. दुपारी निघायचं. मावशी खोळ न्यायला आल्या, उलटून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. छान बेतलीस, म्हणाल्या.

दुपार
बॅग शिवताना सुई बोटात गेली. रक्त नाही. सुई उभीच राहिली.
पाय उचलत नाहीत.
ह्यांना म्हटलं, टेप घ्या, माझं माप घ्या. ह्यांनी घेतलं. उंची. खांदे. मी आकडे ऐकले. काल मीच खोळ ह्याच मापाची —
अंदाजाने.

संध्याकाळ
आले. दारात सगळे. लाकडी टाळ्या. मावशींनी खोळ चढवली, खालून फक्त लिहिता हात मोकळा. ह्यांनी झटापट केली, कात्री मिळवली, उसवताहेत, दातांनी ओढताहेत, माझ्या नावाने हाका मारताहेत. शिवण सुटत नाही हो. दुहेरी आहे. मी कधी कच्ची टीप मार—