सात मिनिटांत मंजूर

चि. आदिनाथ यास,

थोरल्या अक्काचा, म्हंजी वनमालाचा, पोटभर आशीर्वाद. इकडं समदे धडधाकट हायत. तुझं पित्त कसं हाय? (फोन तू उचलत न्हाईस, म्हणून कागदावर इचारते.)

तर परवा आपल्या शेतकरी कंपनीची वार्षिक सभा झाली. सभेच्या आधी ताळेबंद समद्या शेअरवाल्यांना पोचला पायजे, असा कायदा हाय म्हणं. केजच्या वकिलानं मला छापील दावला. पण ह्या देशातला कायदा दिल्लीहून निघतो लई जोरात, आन् मांजरसुंब्याला जेवायला थांबला की थांबलाच. (कायदा धाब्यावर बसवतेत म्हणतेत, तो तिथलाच धाबा असंल.) माझ्या ऊसतोडीच्या टोळीतल्या बेचाळीस बायांनी माझ्या शब्दावर डाळ मिलसाठी हजार-हजार भरले. चार वर्षं झाली, मिलच्या जागेवर अजून बाभळीच हायत. पाण्याला गेले की छबुबाई टोमणा मारती, "अक्का, आमची डाळ शिजली का?" म्हणून मी पयल्या रांगेत जाऊन बसलते. विषय नऊ, मिनिटं सात. अध्यक्ष उत्तरेश्वरराव तोंड उघडायच्या आत मागून "मंजूर, मंजूर!" (माझ्या लग्नात मंगलाष्टकांना ह्याहून जास्त वेळ लागलता. इचारलं मला तिथंबी कुणी न्हाई.)

मी उठले. म्हनलं, "हिशेब दावा." तर अध्यक्ष हसून म्हनले, "अक्का, हिशेबावर तुमचीच सही हाय. तुमी संचालक हायत की!" तीन वर्षांखाली ह्या माणसानं साडीवाटप हाय म्हणून माझा आधार आन् फोटू नेलता. साडी पयल्या धुण्यात विटली, पद मात्र पक्कं निघालं. सही मी कवा केली, म्हनलं. तर म्हनले, ती डिजिटल असती, पेनड्राईव्हमदी, बीडला ऑडिटरच्या खणात! सत्तावीस वर्षं संसार केला, मालकानं कधी माझ्या पेटीला हात लावला न्हाई, आन् माझी सही परक्याच्या खणात नांदती.

मग मी माईकच घेतला. संचालक हाय ना, मग मी म्हणंस्तोवर सभा संपत न्हाई. सभेच्या जेवणाच्या पातेल्यांच्या झाकणावर छबुबाई आन् टोळीतल्या मंगलला बसवलं. अर्ध्या घंट्यात भुकेनं कागद निघाला, चौसष्ट पानं. त्यात मिल उभी हाय, चालू हाय, लाईटबिलबी भरती.

बाकी ठीक. मनिषाला आशीर्वाद.

वनमाला अक्का

ता.क. शेवटच्या पानावर ऑडिटरचा शिक्का हाय. तू नोकरीला हायस त्याच हापिसाचा. खाली 'तयार करणार' म्हणून तुझं नाव. मी रागावले न्हाई. येत्या गुरुवारी धाला माझी सही खणातून काढून घेऊन ये, आन् बायांपुढं चौसष्ट पानं मोठ्यानं वाच.

दुसरा ता.क. रजा मिळत नसंल तर जिवाला घोर लावू नको. शुक्रवारचा टेम्पो ठरवलाय, आमीच तुझ्या घरी येतो. मनिषाला म्हणावं सैपाक करू नको, भाकरी बांधून आणतो. सतरंज्या तेवढ्या बघ. निम्म्या बाया मुक्कामाला राहू म्हणतेत.