डिसेंबरपर्यंत एक गिरकी

६ ऑक्टोबर

मुलाने, संगमेश्वरने, अमेरिकेतून व्हिडिओ पाठवला. माझी नात अक्षरा मोटारबोटीच्या मागे, पाण्यात, फळीवर उभी. आधी हातात दोरी होती. मग तिने ती बोटीत फेकून दिली आणि बोटीने उठवलेल्या लाटेवर नुसतीच उभी राहिली. जागच्या जागी पूर्ण गिरकी घेतली. मग फळीसकट हवेत उडाली, हवेतच फिरली, खाली आली आणि हसली. खाली संगमेश्वरने लिहिले आहे, याला वेकसर्फिंग म्हणतात, अप्पा. डिसेंबरात आम्ही इंडियाला येतोय.

मुख्य गोष्ट वेगळीच. गिरकी घेताना तिच्या गळ्यापाशी काहीतरी पांढरे चमकते. व्हिडिओ थांबवून पाहिले. चांदीची डबी आहे. पाळण्यात असताना स्वामींनी तिला इष्टलिंग दिले, तेव्हा लातूरच्या सराफाकडून मीच करून घेतलेली. दोन वर्षांची होऊन तिकडे गेली, आता कॉलेजात आहे, पण डबी गळ्यात आहे. मी उदगीरभर सांगतच होतो, आमच्या घरचे लिंग कुठल्याही देशात गळ्यातून उतरत नाही.

बायकोला, लक्ष्मम्माला, दाखवले. म्हणाली, चष्म्याशिवाय दिसत न्हाई. चष्मा नाकावरच होता. वय झाले तिचे.

७ ऑक्टोबर

ठरले. डिसेंबरपर्यंत मी एक गिरकी शिकणार. हवेतली जानेवारीत.

कारण असे. अक्षराला मराठी येत नाही, कानडीही नाही. माझे इंग्रजी सातवीत संपले. मागे फोनवर ती ‘हाय अज्जा’ म्हणाली, मी ‘जेवलीस का’ विचारले, त्यानंतर बराच वेळ मला त्यांच्या घराचे छत दिसत होते. छत चांगले आहे. पण पाण्यावर बोलावे लागत नाही. ती एका फळीवर, मी दुसऱ्या फळीवर. दोघांच्या गळ्यात डबी. बघणाऱ्याला सांगायची गरज नाही की आजा-नात आहेत.

लहानपणी मी बारवेत पोहलो आहे. पाणी सगळीकडे सारखेच.

९ ऑक्टोबर

बीपीच्या डॉक्टरांना सगळे सांगून घाबरवले नाही. एवढेच विचारले की या वयात पाणी चालेल का. म्हणाले, भरपूर. म्हणजे परवानगी आहे.

बंद दुकानाच्या फळ्यांमधली चार नंबरची काढून आणली. सागवानी आहे. मुलगा गादीवर बसणार नाही हे कळले त्या वर्षी दुकान बंद केले, तेव्हापासून ती कामाला आली नव्हती. एक फळी काढल्याने दुकानाला काय होणार आहे.

११ ऑक्टोबर

धरणाकडे जाणारी हंडरगुळीची सकाळची एसटी चुकली. लक्ष्मम्माची पूजा संपेना, म्हणून चहा होईना. माझी पूजा केव्हाच आटोपते. लिंग एक, विभूती एक, बेलाचे पान एक, हिला इतका वेळ कशाला लागतो? विचारले तर म्हणाली, तुमची पूजा घाईची. गेली कित्येक वर्षे असेच आहे. बायकांना वेळेचे भान नसते.

१२ ऑक्टोबर

धरणावर गेलो. बजरंग मासे धरतो, त्याच्या होडीला शेतातल्या पंपाचे इंजिन बसवलेले आहे. सगळा प्लॅन सांगितला. तो म्हणाला, “अण्णा, घरी काय भांडण झालंय का?”

पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे बांधले, तोंडे लाख लावून बंद. लिंगाची डबी धोतराच्या पट्टीने छातीशी आवळली. बजरंग म्हणाला, ती काढून होडीत ठेवा, वाहून जाईल. मी म्हणालो, लिंग गळ्यात नसताना आम्ही पाण्याचा घोट घेत नाही. तो म्हणाला, “मग आज गळ्यात हाय तेच बरं. लई घोट घ्यावे लागतील.”

लागले.

होडी चांगली आहे, पण लाट उठत नाही. उठते ती ताटात आमटी हलावी तेवढी.

१९ ऑक्टोबर

मोबाइलवर एका गोऱ्या माणसाने दाखवले की बोटीच्या मागच्या एका कोपऱ्यात वजन भरायचे, मग त्या बाजूला लाट उठते. ते लोक त्यासाठी पाण्याच्या पिशव्या भरतात. आपल्याकडे माणसे आहेत. बजरंगची बायको साखराबाई, तिची जाऊ आणि सासू पलीकडच्या शेतात निघाल्याच होत्या. तिघींना भाकरीच्या गाठोड्यांसकट डाव्या कोपऱ्यात बसवले. लाट आली! गुडघ्याएवढी. होडीतही आली.

साखराबाई ओरडली, “अण्णा, आमी बसतो, पन सांगा तरी, कुनाला पसंत करायला चाललाय तुमी?”

सासू म्हणाली, “गप गं. म्हातारं मानूस हाय, करू दे.”

मला म्हातारा म्हणाली. ती माझ्यापेक्षा मोठी आहे.

२० ऑक्टोबर

आज सोमवार, पाण्यावर जायचे नाही. अंगणात सराव. जात्याच्या वरच्या तळीवर उभा राहिलो आणि पायाने रेटा दिला. गिरकी पूर्ण झाली. थांबवता आली नाही. तुळशीच्या कट्ट्याला गुडघा लागला, अंगण नंतरही फिरतच होते. लक्ष्मम्मा धावत आली, “साकु! साकु! पुरे झालं तुमचं! कुनासाठी चाललंय हे?”

मी म्हणालो, जिच्या गळ्यात आपले लिंग आहे तिच्यासाठी.

 ती हळद घेऊन आली, पण लागलेला गुडघा सोडून दुसऱ्याच गुडघ्याला लावली. तिलाही बीपी असणार. दाखवून आणले पाहिजे.

२२ ऑक्टोबर

पाडव्याचा फोन आला. संगमेश्वरला विचारणार होतो की एवढी उडी मारताना डबीचा दोरा तुटत नाही का, कुठला दोरा वापरता. ‘अक्षराच्या गळ्यातल्या’ एवढेच म्हणालो आणि लक्ष्मम्माने फोन ओढून घेतला. अनारसे बिघडले ते सांगत बसली. अमेरिकेला अनारशांचे काय पडले आहे?

दोरा मी इथूनच नवा करून देईन. पक्का, सुताचा.

९ नोव्हेंबर

उभा राहिलो! शिंक यायला लागतो तेवढाच वेळ, पण उभा. आता फक्त दोरी सोडायची. बजरंग सारखा ओरडत होता, “दोरी सोडा, अण्णा! सोडल्याबिगर फिरता येत न्हाई!” सोडतो म्हणालो. सोडली नाही. फळी गेली, डबे सुटले, तरी मी दोरी धरून मागे ओढला जात होतो. साखराबाई म्हणाली, “मासा असा सापडला असता तर कल्यान झालं असतं.”

दोरी सोडायची तयारी आहे. पण उगाच घाई कशाला?

१६ नोव्हेंबर

बंद दुकानात, चार नंबरच्या जागेतून आत शिरून, एक कुत्री व्याली आहे. माझ्या जुन्या गादीवर. हाकलायला गेलो तर तिने असे पाहिले, जणू मी गिऱ्हाईक आहे.

३० नोव्हेंबर

पाणी फार गार. खोकला. लक्ष्मम्मा म्हणाली, आता बस करा, पोरगी येईल, भेटेल, जाईल, तिला तुमची गिरकी कशाला पाहिजे. मी विचारले, तुझे नातीवर प्रेम नाही का? ती आत निघून गेली. फार टोचून बोललो. पण ती पण सारखी आडवी येते.

१४ डिसेंबर

निरोप आला. हैदराबादला सूनबाईंच्या माहेरचे लग्न आहे. तिथून पुढे गोव्याला जाणार. उदगीरला २३ तारखेला येतील. मुक्काम नाही, दुपारचे येऊन संध्याकाळी परत.

दुपार पुष्कळ आहे. धरण जवळच आहे. गिरकीला कितीसा वेळ लागतो.

२१ डिसेंबर

शेवटचा सराव. दोरी सोडली. मुद्दाम सोडली की बोटे गारठून सुटली हे बजरंगला नक्की सांगता येत नाही, मला येते. मुद्दाम. त्यानंतर अर्धी गिरकी झाली, ती पाण्याखाली. उरलेली अर्धी परवा, अक्षरासमोर. माणूस लोकांसमोर जास्त चांगले करतो.

२३ डिसेंबर

आले.

अक्षरा माझ्यापेक्षा उंच आहे. पाया पडली, मग गळ्यात पडली. केसांना कसल्या तरी फळाचा वास होता. गळ्यात काही नव्हते.

मला वाटले, प्रवासात पिशवीत ठेवली असेल. जेवणे झाल्यावर संगमेश्वरला विचारले, हिची डबी कुठे आहे, दोरा बदलून देतो. त्याला कळेना. मी मोबाइल काढून व्हिडिओ थांबवला आणि चमकते तिथे बोट ठेवले. म्हणाला, “अप्पा, ती जॅकेटची चेन आहे.” मग आईकडे बघून म्हणाला, “आई, तू सांगितलं न्हाईस? अजून?”

लक्ष्मम्मा आत गेली. डबी घेऊन आली. घासलेली, लखलखीत. अमेरिकेला जायच्या दिवशी संगमेश्वर ती हिच्या हातात ठेवून गेला होता, तिकडे हरवेल म्हणून. हिने स्वतःच्या पूजेच्या पेटीत ठेवली. म्हणाली, “तुमाला सांगितलं असतं तर तुमी त्याच्याशी बोलला नसता. आन लिंग बिनपूजेचं कसं ठेवू? रोज माझं झालं की तिचं करते.”

मंजुषा सूनबाई म्हणाल्या, अहो, इतकी वर्षे झाली त्याला. बरोबर आहे.

मी डबी अक्षराच्या हातात दिली. संगमेश्वर तिला इंग्रजीत काहीतरी सांगत होता. तिने उघडून पाहिली, ‘सो ब्यूटिफुल’ म्हणाली. मग नीट बंद करून, दोन्ही हातांनी, मला परत दिली. फार जपून. आपण दुसऱ्याची वस्तू परत देतो तशी.

तेवढ्यात बजरंगचा फोन. “अण्णा, बायका डाव्या कोपऱ्यात बसवून ठेवल्यात! आईला नवं लुगडं नेसवलंय. निघालात का?” मी म्हणालो, पाव्हण्यांना वेळ नाही, बायकांना उठव.

अक्षराला दुकानातली पिल्ले फार आवडली. जाईपर्यंत तिथेच मांडी घालून बसली होती. चार नंबरची फळी भिंतीला टेकवून ठेवली होती, तिला हात लावून तिने बापाला काहीतरी विचारले. तो म्हणाला, “अप्पा, ही विचारतेय, ही फळी ओली कशी?”

मी म्हणालो, धुतली.

२४ डिसेंबर

फळी परत लावायला गेलो. इतके दिवस पाण्यात राहून फुगली आहे, खाचेत बसत नाही. कुत्री बघत होती. तशीच टेकवून आलो.

लक्ष्मम्माशी काल रात्रीपासून बोललो नव्हतो. सकाळी पूजेला बसलो तेव्हा तिने आपली पेटी माझ्यापुढे सरकवली आणि चुलीकडे गेली. आधी माझे केले. मग पेटीतली अक्षराची डबी उघडली. विभूती लावली, बेलाचे पान वाहिले. एवढे लहान लिंग आहे, हे विसरलो होतो. तळहातावर घेऊन बसलो.

हंडरगुळीची एसटी गेल्याचा आवाज आला. आज मला कुठे जायचे नव्हते.

पूजा लांबली. लक्ष्मम्माने माझा चहा गाळला नव्हता. आधणाखालची आच दोनदा मंद केली म्हणाली.