कातळावरचं शेवटचं हरण

१२ जानेवारी, सोमवार
आमच्या कातळावर वीस-बावीस जुनी चित्रं हायत. जनावरं, पावलं, पुसट मोर. त्यातलं शेवटचं हरण जुनं नाय. ते मी कोरलंय, दिवाळीच्या सुट्टीत. जिव्याकाका पाट्याला टाकी लावतो, त्याचीच छिन्नी उचलली. न विचारता. दोस्ताला, कुशलला फसवायचं होतं, बस. वरून शेण चोळलं, उन्हानं काळं केलं. कुशल्या व्हिडिओ टाकून मोकळा — हजारो वर्षांचं नवीन चित्र सापडलं म्हणे! पोट दुखेपर्यंत हसलो.

१५ जानेवारी
आता हसू येत नाय.
व्हिडिओ बघून समिधा मॅडम आल्या. जुन्या दगडांचा अभ्यास करतात. कातळ खदानीला द्यायचं घाटतंय, ते त्यांना इथं येऊन कळलं. म्हणाल्या, "चित्रं जुनी ठरली तर इथे सुरुंग लागणार नाही." अख्खा पाडा खूश. गुरं तिथंच चरतात, झरा पण तिथलाच.
खदानीचा मुकादम मागे उभा होता. बोलला, "एक जरी खोटं निघालं ना मॅडम, तर सगळीच खोटी."

१६ जानेवारी
छिन्नीचं टोक! हरणाच्या डोळ्यात तुटून अडकलंय. विसरलोच होतो. मंगळवारी मॅडम भिंग घेऊन येणार.

१८ जानेवारी, रविवार
बोईसरच्या कंपनीला सुट्टी, म्हणून गुरं घेऊन वर गेलो. खिळ्यानं टोकरलं. टोक हलेना. तेवढ्यात कुशल आला — पहाऱ्याला! "अंकुश्या, हात नको लावू. वारसा हाय तो."
ज्याला फसवला तोच राखणदार.

१९ जानेवारी
जिव्याकाका सहज बोलल्यासारखा बोलला, "माझी छिन्नी बघितलीस काय रे? तिचं टोक कच्चं होतं."
नाय म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार
कंपनीत खाडा केला. मॅडम हरणावर वाकल्या. डोळ्यात टोक नव्हतं! तरी म्हणाल्या, "हे ताजं आहे." मुकादम हसला.
जिव्याकाका पुढं आला. "ताजंच हाय. ह्या पोरानं कोरलं. आमच्यात गुरं सोडून कामाला जाताना जो तो कातळावर एक जनावर कोरतो. आज्या-पणज्यापासून."
"तुमचं कुठलं?" मॅडमनी विचारलं.
"तो मोर."
मॅडमनी एकदा मोराकडे, एकदा काकाकडे पाहिलं. मग लिहून घेतलं, "प्रथा अजून चालू आहे. म्हणजे हे खोटं नाही, जुनीही खरी." मुकादमाचं तोंड बघण्यासारखं.

२१ जानेवारी
काकाला विचारलं, तो मोर खरंच तुझा? छिन्नीचं टोक माझ्या हातावर ठेवलं त्यानं. "मी कधी कामाला गेलो रे? जन्मभर गुरंच राखली."
वही कोणाच्या हाती लागलीच, तर पाया पडतो बाबा — कोणाला सांगू नको.