कर्ण सारखे, तरी खोली वाकडी

बाबा, तुमचा सुताराचा नियम मी आपल्या चाळीतल्या चार खोल्यांना लावला, आणि आता मला भीती वाटतेय. तुम्ही नाही, हेही सात वर्षांपूर्वी गेले. विचारू कोणाला?

मुलुंडची ही चाळ पाडणार आहेत. जुन्या खोलीच्या मापावर नव्या इमारतीत जागा मिळणार. गेल्या महिन्यात मापं घेणारा आला. त्यानं दाराकडची भिंत मोजली, दहा फूट. दारापासून आत बारा. मागच्या भिंतीला कपाटं. "मागची तेवढीच ना, काकू?" मी ऐटीत दोरी काढली, कपाटांच्या वरून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी ताणली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही कर्ण सारखे. "माझे बाबा सुतार होते. कर्ण सारखे म्हणजे खोली गुण्यात, चारही काटकोन." शेजारच्या तिघींच्या खोल्याही मीच तशा तपासल्या. एक हसून त्याला म्हणाली, "काकू बोलल्या ना? मग लिही, आमचं डोकं नको खाऊस."

माझी शाळा सातवीत सुटली, तुम्हाला ठाऊक आहे. रद्दीतून आणलेलं दहावीचं भूमितीचं पुस्तक परवा वाचत होते. त्यात आकृतीचे कोपरे अंकांनी मांडून अंतरं काढतात. म्हटलं, तुमचा नियम सिद्ध करून बघू. उंबऱ्याच्या मध्यावर आरंभबिंदू धरला. पुढचे कोपरे डावी-उजवीकडे पाच-पाच फुटांवर. मागचे, सहज, साडेपाच-साडेपाचवर, बारा फूट आत. एका कर्णाचा वर्ग म्हणजे साडेदहाचा वर्ग अधिक बाराचा वर्ग. दुसऱ्याचाही तोच! कर्ण सारखे, पण आकृती आयत नाही, मागं रुंदावणारा समलंब चौकोन. तीनदा केलं. कपाटं ओढून मागची भिंत मोजली. अकरा फूट. चाळ नाल्याच्या वळणावर आहे, चारही खोल्या मागं पसरत असणार. एकशे सव्वीस चौरस फुटांच्या जागी मी एकशे वीस लिहायला लावलेत.

आधी तुमचाच राग आला. मग आठवलं. तुम्ही वखारीत चौकट जुळवताय, दोन उभी लाकडं एकमेकांना लावून बघताय, मग दोन आडवी. मी घाईनं दोरी ताणते आणि तुम्ही ओरडता, "गो चेडवा, आदी बाजू जुळव, मगे दोरी!" समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या तरच कर्णांवरून काटकोन ठरतो. मी नुसती दोरी लक्षात ठेवली.

आज अकरा वाजता सह्या आहेत. त्यानंतर मापं बदलत नाहीत. शेजारीण आत्ताच दार वाजवून गेली, "काकू, चला ना, सगळे थांबलेत!" मी म्हटलं, "तू हो पुढे, आलेच." आता तिला काय तोंड दाखवू? ती मला कधी काही विचारेल का परत? बाबांनी शिकवलेलंच चुकीचं निघालं, असं सांगायचं मी ठरवलं होतं. तुम्ही थोडेच भांडायला येणार?

तसं नाही सांगणार. टेप घेऊन आधी तिच्याच खोलीत जाते. हा कागद टपालात टाकायचा नाहीच. आणि खरं सांगू, एवढं लांबण लावलं ते तुमच्या आठवणीनं नव्हे. उठायची भीती वाटत होती.