ऑर्फा स्टॅम्पर विरुद्ध शाळा मंडळ

प्रिय आई,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. वाचून तू म्हणशील, "एवढं काय त्यात?"

आजोबांच्या कुंपणाच्या भांडणाचे कागद काढायला काउंटीच्या कोर्टात गेलो होतो. दिवाणी दाव्यांच्या जुन्या नोंदवहीत आपल्या आडनावावरून बोट फिरवताना १९६८ सालात तुझं नाव दिसलं. वादी, ऑर्फा स्टॅम्पर. मला वाटलं, दुसरीच कुणी असेल. पण कारकून वॉनेटाबाईंनी तळघरातून फाइल आणली, आणि पहिल्याच पानावर तुझी सही होती.

पोलिओच्या पायांमुळे शाळेची बस मला घेत नव्हती. मग एके दिवशी ती आपल्या दारात थांबली. "आली बाई एकदाची," एवढंच तू म्हणालीस. त्यासाठी तू वकिलाशिवाय कोर्टात उभी राहिलीस, हे मला आज साठी उलटल्यावर कळतंय.

फाइलमधल्या तुझ्या जबानीत न्यायाधीशांनी विचारलंय, "रोज किती चालता?"

"आठ मैल, साहेब. त्यातले चार हलके. तेव्हा तो पाठीवर नसतो."

"अजून वर्षभर नाही जमणार?"

"पोरगं वाढतंय, साहेब. मी नाही वाढत."

"प्रत साधी हवी की शिक्क्याची?" वॉनेटाबाईंनी विचारलं. मी नुसतं त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी ते पान स्वतःकडे वळवून वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "शिक्क्याचीच न्या."

तुझा,
डेल्मर