आशाचं माप

औरंगाबाद,
९ डिसेंबर १९९४

आदरणीय दमयंतीताईंना आशाचा नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण तुम्ही शिकवलेलं चाक अजून फिरतं आहे. थंडी इतकी की सकाळी मातीत हात घालवत नाही. वेरूळला येणारे पाहुणे वाढलेत, त्यामुळे कपबशा बऱ्यापैकी खपतात. माझं अक्षर लागलं नाही तर सदाशिवरावांकडून वाचून घ्या. नवऱ्याला तेवढं काम सांगायला हरकत नाही.

त्यांचंच पत्र परवा आलं. तुमच्या शाळेत भट्टी आली, मुलींना मातीकाम शिकवाल का म्हणून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही नाही म्हणालात. का, तर म्हणे, "माझ्या हाताला रंग येत नाही." महिनाअखेरपर्यंत कुणी मिळालं नाही तर शाळा ती भट्टी परत पाठवणार. हे वाचून माझा चहा तसाच गार झाला.

ताई, तुमच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. लोखंडाच्या तांबड्या भुकटीतून तुम्ही मधाचा रंग काढायचात, तांब्यातून हिरवा, कोबाल्टच्या जांभळट भुकटीतून निळा. शहागंजच्या बाजारातून आणलेल्या सोनाराच्या काट्यावर तुम्ही भुकटी मोजायला लागलात की मी पंखा बंद करून श्वास धरून बसायची. भांड्यांच्या चकाकीचा लेप पाण्यात कालवताना तुम्ही दरवेळी बजावायचात, "शंभर भाग साधं ग्लेझ, अर्धा भाग कोबाल्ट. अर्धाच. मनाचं काही घालू नकोस, आशा."

मी घातलं.

त्र्याऐंशी साली हॉटेलचे एकशेऐंशी कप होते ना, निळे हवे होते, त्याच वेळी. तुम्ही ग्लेझ कालवून ठेवलं आणि बांधणीसाठी कागद आणायला गेलात. कप बुडवायचं काम माझं. बादलीत पाहिलं तर निळ्याचा पत्ता नाही, नुसतं फिकट जांभळट पाणी. देवगावला सासूबाईंच्या हाताखाली मी धोतरांना नीळ दिलेली. पाणी निळं दिसेस्तोवर नीळ घालायची, एवढंच माझ्या हाताला ठाऊक. वाटलं, ताई आज विसरल्या, आपण सांभाळून घ्यावं. डब्यातून वाटीभर कोबाल्ट घातलं. तरी निळं होईना, तेव्हा भिऊन थांबले. कच्च्या ग्लेझचा रंग वेगळा आणि भट्टीतून निघतो तो वेगळा, हे तुम्ही मला चारदा सांगितलं होतं.

भट्टी उघडली तर सगळे कप तव्याच्या बुडासारखे काळे. हॉटेलवाल्यानं हातही लावला नाही. तुम्ही वही उघडून आकडे तपासत बसलात आणि शेवटी म्हणालात, "माझंच चुकलं, आशा. माझा हात या कामाचा नाही."

मी तेव्हा काय म्हणाले, आठवतं?

"व्हय ताई, व्हतं असं कवा कवा."

नोकरी जाईल म्हणून भ्याले, ते एक. पण नंतर तुम्ही काम सोडलंत, कारखाना माझ्या हाती दिलात, जाताना मला लुगडं नेसवलंत, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. अकरा वर्षं त्याच चाकावर माझं पोट भरतंय. लोक मला हुशार म्हणतात. मला लाज वाटते, ताई.

तुमची वही इथंच आहे. गेल्या आठवड्यात त्यातल्या मापानं एक छोटी टाइल भाजली. गोकर्णीच्या फुलाचा निळा आला, पहिल्याच खेपेला. मी आणि चाकावरची सरूबाई बघतच राहिलो. सरूबाई म्हणाली, "लई देखणा रंग काढला गं बाई तू." मी म्हणाले, "म्या नाय काढला." त्या दिवशी पहिल्यांदा मी कुणाला तरी खरं सांगितलं. आता तुम्हाला सांगते आहे.

मग तीच टाइल पुन्हा केली, त्या दिवशीच्या वाटीच्या हिशेबानं जास्तीचं कोबाल्ट घालून; ती काळी निघाली. दोन्ही या पुडक्यात आहेत, वहीही आहे. माफ करा असं लिहायला घेतलं होतं, पण तो तुमचा प्रश्न. माझं मागणं दुसरंच आहे. वर्ग घ्या. पहिल्या दिवशी मुलींसमोर दोन्ही टाइला ठेवा. निळ्या टाइलच्या पाठीवर मी "दमयंतीताईंचं माप" असं कोरलंय. काळी कुणाची असं मुली विचारतीलच. पाठ उलटून दाखवा. माझं नाव गावासकट लिहिलंय.

आजवर तुमच्या नावावर खपलेल्या काळ्या कपांची मालकीण,
आशा